स्मार्टफोन चित्रपटनिर्मिती

स्मार्टफोन चित्रपटनिर्मिती म्हणजे स्मार्टफोनमधील कॅमेऱ्याने चित्रपट, लघुपट अथवा माहितीपट चित्रित करण्याची पद्धत होय. काही वेळा संपूर्ण चित्रपट, तर काही वेळा त्यातील निवडक प्रसंग या पद्धतीने चित्रित केले जातात. २०११पासून अशा चित्रपटांना बर्लिन, कान व सनडान्स या प्रतिष्ठित महोत्सवांत स्थान मिळू लागले. यांपैकी महत्त्वाच्या चित्रपटांत स्मार्टफोनची निवड निरनिराळ्या कारणांनी झाली: कोठे पैशांचा अभाव होता, कोठे शासनाची बंदी होती, तर कोठे कथानकालाच लहान कॅमेरा हवा होता. सर्वांत समान असलेली गोष्ट म्हणजे सांगण्याजोगी कथा आधी निश्चित झालेली होती.

प्रारंभीचे चित्रपट

दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक पार्क चान-वूक यांनी आपले बंधू पार्क चान-क्योंग यांच्यासह ‘नाइट फिशिंग’ हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट आयफोन ४वर चित्रित केला. २०११च्या बर्लिन महोत्सवात त्यास सर्वोत्कृष्ट लघुपटाचे ‘सुवर्ण अस्वल’ मिळाले.

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) हा स्वीडिश दिग्दर्शक मलिक बेंजेलूल यांचा माहितीपट आहे. अमेरिकेत अपयशी ठरलेले, परंतु स्वतःच्या नकळत दक्षिण आफ्रिकेत लोकप्रिय झालेले गायक रॉड्रिगेझ यांच्या शोधाची ही कथा होय. सुपर ८ फिल्मवरील चित्रीकरण पैशांअभावी अडल्यावर बेंजेलूल यांनी उरलेली काही दृश्ये आयफोनवर, जुन्या फिल्मचा आभास निर्माण करणारे एक स्वस्त ॲप वापरून पूर्ण केली. २०१३ साली या माहितीपटास ऑस्कर पुरस्कार मिळाला.

बंदीतील चित्रपट

इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांना डिसेंबर २०१० मध्ये सहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस वर्षे चित्रपट न करण्याची बंदी अशी शिक्षा सुनावण्यात आली. अपिलाचा निर्णय प्रलंबित असताना त्यांनी मोजतबा मीरतहमास्ब यांच्यासह तेहरानमधील आपल्या घरातच ‘धिस इज नॉट अ फिल्म’ तयार केला. त्यातील काही भाग पनाहींच्या आयफोनवर चित्रित झाला आहे. चित्रपट २०११ साली कान महोत्सवात दाखविण्यात आला.

न करता आलेल्या चित्रपटाची पटकथा पनाही यात वाचून दाखवतात. गालिच्यावर चिकटपट्टीने आखणी करून ते नायिकेची खोली उभी करतात. परंतु मध्येच थांबतात. चित्रपट नुसता सांगून भागत असेल, तर तो करायचा कशाला, असा प्रश्न त्यांना पडतो. नट आणि स्थळ यांच्यामुळे लिखित प्रसंगात काय भर पडते, हे ते आपल्या जुन्या चित्रपटांतील दृश्ये दाखवून स्पष्ट करतात. कथा प्रथमस्थानी असली तरी ती कागदावर पूर्ण होत नाही, हे या चित्रपटातून प्रत्ययास येते.

टँजरीन

शॉन बेकर दिग्दर्शित ‘टँजरीन’ (२०१५) हा या पद्धतीचा सर्वाधिक चर्चिला गेलेला चित्रपट आहे. लॉस एंजेलिसमध्ये देहविक्रय करणाऱ्या दोन पारलिंगी मैत्रिणींची, नाताळच्या पूर्वसंध्येला एकाच दिवसात घडणारी ही कथा होय. किटाना किकी रॉड्रिगेझ व माया टेलर या पारलिंगी अभिनेत्रींनी प्रमुख भूमिका केल्या असून, टेलर यांना पुढे इंडिपेंडेंट स्पिरिट पुरस्कार मिळाला.

चित्रीकरणासाठी तीन आयफोन ५एस, चित्रचौकट रुंद करणारे जोडभिंग, प्रकाश व केंद्रीकरण हाताने नियंत्रित करू देणारे ॲप आणि कॅमेरा स्थिर ठेवणारी मूठ वापरण्यात आली. ध्वनिमुद्रण मात्र व्यावसायिक उपकरणांनी स्वतंत्रपणे झाले. फोनची निवड मुळात खर्च वाचविण्यासाठी झाली असली, तरी तिचा लाभ कथेस झाला: फोनसमोर नवख्या कलाकारांवर दडपण आले नाही आणि रस्त्यावरील वर्दळीचे लक्षही वेधले गेले नाही.

बेकर यांनी पुढचा ‘द फ्लोरिडा प्रोजेक्ट’ (२०१७) ३५ मिमी फिल्मवर चित्रित केला. केवळ शेवटचा, डिस्ने वर्ल्डमधील प्रसंग त्यांनी कोणाच्या लक्षात न येता आयफोनवर टिपला.

तांत्रिक बाजू

स्मार्टफोनचा सेन्सर लहान असल्याने अंधुक प्रकाशात चित्र कणयुक्त दिसते. त्याच कारणाने पुढची व मागची वस्तू बहुधा सारखीच स्पष्ट येते. त्यामुळे पार्श्वभूमीची मांडणी विचारपूर्वक करावी लागते. डिजिटल झूममुळे चित्राचा तपशील घटतो, म्हणून कॅमेराच विषयाजवळ नेणे श्रेयस्कर ठरते. फोन प्रकाश व केंद्रीकरण आपोआप बदलतो. एकाच दृश्यात उजेड कमीजास्त होऊ नये म्हणून ही मूल्ये स्थिर करतात. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने दिव्यांचा लुकलुकाट टाळण्यासाठी शटरचा वेग १/५० अथवा १/१०० सेकंद ठेवला जातो.

प्रेक्षक चित्रातील उणीव बरीच सहन करतो. अस्पष्ट संवाद मात्र त्यास कथेबाहेर फेकतात. म्हणून मर्यादित पैशांत कॅमेऱ्यापेक्षा कलाकाराजवळ ठेवता येणाऱ्या मायक्रोफोनला प्राधान्य देणे हिताचे असते.

मर्यादा

स्मार्टफोनवरील चित्रपट स्वस्तच असतो, असे नाही. डॅनी बॉयल यांच्या ‘२८ इयर्स लेटर’ (२०२५) या मोठ्या खर्चाच्या चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण आयफोनवर झाले. परंतु फोनला विशेष भिंगे व सांगाडे जोडलेले होते. फोनमुळे कॅमेऱ्याचा खर्च वाचतो. पटकथा, तालीम, प्रकाशयोजना व संकलन यांचे श्रम वाचत नाहीत. खिशात कॅमेरा असणाऱ्यांची संख्या प्रचंड वाढल्याने नवोदितांपुढील अडथळा आता साधनाचा कमी आणि काय सांगायचे, हे ठरविण्याचा अधिक आहे.

हेही पहा

लघुपट
माहितीपट
पटकथा
जाफर पनाही