पितळेचे दोन गुंड

भंडाऱ्यातल्या एका भांड्यांच्या दुकानात मालकांची वही उघडी पडली होती. ‘गुंड २, डाक लावणे. गंज १, बूड बसवणे. मोड ४ किलो.’ पुण्यामुंबईच्या माणसाला हा पोलीस ठाण्यातला कागद वाटेल. विदर्भात गुंड म्हणजे पाणी भरायचं फुगीर पोटाचं भांडं आणि गंज म्हणजे पातेलं. लोखंडावर चढतो तो गंज निराळा. पितळी गंजाला तो चढतच नाही. कल्हई उडालेली असेल तर ताक कळकतं, ती तक्रार वेगळी.

भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात. गावाचं नाव ‘भाणं’, म्हणजे पितळी थाळी, या शब्दावरून पडलं असं इंग्रजी अमदानीतलं गॅझेटिअर सांगतं. ते खरं धरलं तर खंडोबाचा भंडारा आणि देवळापुढच्या पंगतीचा भंडारा यांचा या गावाशी काही संबंध उरत नाही.

दुकानामागच्या पडवीत कारागीर गुंडाची चीर कानशीने घासत होता. घासलेल्या जागी पाण्यात कालवलेला टाकणखार लावला. (खार म्हटल्यावर मला आधी शेपटीवाली आठवते, त्याला नाही.) त्यावर डाकाचा चुरा पसरला. टपालाच्या डाकेशी या डाकाचं नातं नाही. पितळेत साधारण दोन भाग तांबं आणि एक भाग जस्त असतं. डाकात जस्त जास्त, म्हणून तो भांड्याच्या आधी वितळतो. सगळं कसब या ‘आधी’मध्ये. गुंड भट्टीवर धरून तो फक्त रंगाकडे बघत होता. टाकणखार फुगला, बसला, काचेसारखा झाला, आणि डाक एकदम चिरेत धावला. त्याच क्षणी गुंड बाहेर. थोडा उशीर झाला असता तर भांडंच बसलं असतं. भट्टीच्या पंख्याचा आवाज एवढा होता की त्याच्यात आणि हाताखालच्या पोऱ्यात बोलणं जवळजवळ नव्हतंच. “सराटा,” तो म्हणाला, आणि पोऱ्याने उलथणं पुढे केलं. शेतात पायात मोडणारा सराटा तिथे कोणाच्या मनातही आला नसावा.

पुढे गल्ल्यावर एक आजी आल्या. “पितराचा गुंड आहे, मोडीत का भाव देता जी?”

“थांबा ना माय, तोलू द्या.”

पितराचा! इथल्या झाडीबोलीत ‘ळ’ नाही, त्याजागी ‘र’ येतो. डोळ्याचा डोरा होतो आणि पितळेचं पितर. वाडवडिलांना पान वाढतात तेही पितरच. ‘ण’चा ‘न’ होतो, म्हणून मणभर धान आणि माणसाचं मन उच्चारात एक. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर या बोलीचा पाठपुरावा केला. पण तिच्यातले हे एकाच उच्चाराचे शब्द ऐकायचे तर कोशापेक्षा बाजार बरा. शब्दांचे मूळ अर्थ एकमेकांच्या गावचे नसतात. एक ध्वनी झिजतो आणि दोन परके शब्द एका घरात येऊन पडतात. स्पॅनिशमध्येही हेच झालं. स्पेनच्या मोठ्या भागात घर म्हणजे ‘कासा’, आणि शिकार म्हणताना जीभ दातांत येते. दक्षिण अमेरिकेत तो फरक गेला. घरही ‘कासा’ आणि शिकारही ‘कासा’. तिथल्या लोकांचं त्यामुळे काही अडत नाही, जसं या आजींचं अडलं नाही.

बोलीला अशुद्ध म्हणणारे याच गोष्टीला घोळ म्हणतात. मला गल्ल्यावर घोळ दिसला नाही. मालकांनी मोड तोलली, पैसे मोजले आणि मोड नाही म्हणून वरचे काही रुपये बुडवू पाहिले. आजींनी दोन्ही मोडी नीट ओळखल्या आणि पदर सोडून स्वतःच सुट्टे काढून दिले.

घोळ झाला तो कागदावर. मालकांचा मुलगा आता बिलं संगणकावर करतो. इकडे पिठाच्या मोठ्या परातीला कोपर म्हणतात. हाताचं कोपर वेगळं. मुलाने इंग्रजी अक्षरांत कोपर लिहिलं, हिशेबनिसाने ते कॉपर वाचलं आणि फोन केला, यात तांबं किती?

मालक म्हणाले, “तीनात दोन भाग. सांग त्याला.”