तुळशीबाग : बाग, देऊळ आणि बाजार

पुण्याच्या बुधवार पेठेंतील तुळशीबाग आज बाजार म्हणूनच सर्वांस परिचित आहे. दोहों बाजूंस दुकानें, मध्यें पायीं चालण्यापुरती वाट, व तींत खरेदीस आलेल्या स्त्रियांची दाटी, हें तेथील नित्याचें दृश्य होय. परंतु या स्थळाच्या नांवांत ना देव आहे, ना दुकान. तेव्हां नांवावरून इतिहास कितपत काढतां येतो, हें पाहण्यास हें उदाहरण सोयीचें आहे.

पहिला थर बागेचा. येथें पूर्वीं खासगीवाल्यांची तुळशीची बाग होती. दुसरा थर देवळाचा. सरसुभेदार नारो आप्पाजी खिरे यांनीं या जागेंत इ. स. १७६१ मध्यें, म्हणजे पानिपताच्याच सालीं, राममंदिराच्या कामास आरंभ केला. पुढें खिरे हें उपनांव मागें पडून घराणें ‘तुळशीबागवाले’ या नांवानें प्रसिद्ध झालें. म्हणून कागदांत हीं दोन नांवें आढळल्यास तेवढ्यावरून घराणीं दोन मानूं नयेत.

तिसरा थर बाजाराचा. पूजेचें साहित्य, हळदकुंकू, बांगड्या, तांब्यापितळेचीं भांडीं व मुलींची भातुकली यांसाठीं देवळाभोंवतींचा हा बाजार नांवाजला. इ. स. १८८६ मध्यें जवळच रे मार्केट उघडलें. ही मंडई बांधण्याच्या खर्चास जोतीराव फुले यांनीं नगरपालिकेंत विरोध केला होता. आणि पुढें त्याच मंडईस ‘महात्मा फुले मंडई’ असें नांव मिळालें.

म्हणजे एका ठिकाणीं वस्तु नाहींशी होऊनही नांव टिकलें, तर शेजारींच विरोध करणाराचें नांव वास्तूस लाभलें. नांव वाट दाखवितें. निर्णय कागदानेंच होतो.

देवळाच्या इतिहासास सनदा व दफ्तरें साह्य करितात. बाजाराचा इतिहास मात्र दुकानदारांच्या कीर्दखतावण्यांत असतो. कसब्याच्या तांबट आळींत ठोकलेला हंडा काय भावानें विकला, उधारी कोणाची व किती दिवस राहिली, सणासुदीस कोणता माल खपला, हें सांगणारा दुसरा साक्षी नाहीं. जुन्या वह्या बहुधा मोडींत असतात, व मोडी न वाचतां येणाऱ्या वारसांस ती रद्दीच वाटते. संग्राहकांनीं शिक्क्याच्या सनदेइतक्याच आस्थेनें अशी वही उचलावी, व ती कोणत्या दुकानांतून मिळाली याची नोंद त्याच दिवशीं करावी. ठिकाण तुटलें कीं वहीचें अर्धें मोल गेलें.