तपासणाऱ्याला तपासायचं कसं?

"म्हणजे तू प्रोग्रॅम तपासणारा प्रोग्रॅम तपासतेस? मग तुझं कोण तपासतं?" दिवाळीत आत्याने हसत हसत विचारलेला हा प्रश्न खरं तर माझ्या पीएचडीचा विषयच आहे. तेव्हा मी गाईडचं नाव सांगून सुटले. आज नीट उत्तर देते.

तुम्ही कोड लिहीत असाल तर लिंटर वापरला असेलच. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८च्या सुमारास सी भाषेसाठी 'लिंट' लिहिला. कपड्याला चिकटलेले तंतू वेचावेत तशा कोडमधल्या बारीक खोडी वेचायच्या, म्हणून ते नाव. माझं काम पीएचपीवर आहे आणि तिथे 'पीएचपी कोडस्निफर' हे साधन चालतं. ते कोड चालवत नाही, फक्त वाचतं. त्यातले काही नियम शैलीचे असतात, म्हणजे कंस कुठे, स्पेस किती, ओळ किती लांब. सुसंगततेसाठी 'पीएचपी कंपॅटिबिलिटी' हा वेगळा नियमसंच जोडता येतो. तो सांगतो की हा कोड पीएचपीच्या अमुक आवृत्तीवर चालेल की नाही. शैलीचा नियम चुकला तर कुणीतरी वैतागतं, एवढंच. सुसंगततेचा चुकला तर वेबसाइट पडते.

माझ्यामुळे एक पडली.

ओळखीच्या एका वाचनालयाची जुनी वेबसाइट पीएचपी ७.४ वर होती. त्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या, त्यामुळे ८ वर जाणं भाग होतं. मी तेव्हा शिकण्यासाठी स्वतःचे नियम लिहून बघत होते. त्यातला एक 'ईच' नावाच्या फंक्शनसाठी होता. अ‍ॅरेमधली एकेक जोडी काढून देणारं हे फंक्शन ७.२ मध्ये कालबाह्य ठरवलं गेलं आणि ८.० मध्ये काढूनच टाकलं. मी माझा तपासनीस वाचनालयाच्या कोडवर चालवला. शून्य तक्रारी. "बिनधास्त करा," असं ग्रंथपाल काकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक शोधायचं पान कोरं! लॉगमध्ये लिहिलेलं, असं फंक्शनच अस्तित्वात नाही. बघते तर कुणीतरी फार पूर्वी 'ईच' लिहिताना पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं होतं. फंक्शनच्या नावातल्या कॅपिटल-स्मॉलचा पीएचपीला फरक पडत नाही. माझ्या नियमाला पडत होता.

मग टेस्ट लिहिल्या नव्हत्यास का, असं तुम्ही विचाराल. लिहिल्या होत्या की! सगळ्या हिरव्या होत्या.

कोडस्निफरच्या नियमाची टेस्ट दिसायला अगदी साधी असते. एक नमुना फाइल करायची, तिच्यात मुद्दाम चुकीचा कोड लिहायचा, आणि दुसऱ्या फाइलमध्ये सांगायचं की अमुक ओळीवर एक चूक दिसली पाहिजे, तमुक ओळीवर दोन. ज्या ओळीचा उल्लेख नाही तिथे तपासनिसाने गप्प बसायचं. नवीन माणूस चुकीच्या ओळी भरपूर लिहितो आणि गप्प बसायच्या ओळी विसरतो. प्रत्यक्षात डोकं या दुसऱ्या ओळींसाठीच जास्त लावावं लागतं. एखाद्या ऑब्जेक्टची स्वतःची 'ईच' नावाची मेथड असू शकते, तिच्यावर ओरडायचं नाही. क्लासमध्ये त्या नावाची मेथड लिहिली असेल, कॉमेंटमध्ये किंवा अवतरणचिन्हांत तो शब्द आला असेल, तरी गप्प. शिवाय आवृत्तीनुसार उत्तर बदलतं. ७.१ साठी तपासत असाल तर काहीच बोलायचं नाही, ७.२ साठी इशारा, ८.० साठी चूक. खोट्या तक्रारी आल्या की लोक तो नियम बंद करतात आणि मग खरी तक्रारही कुणी वाचत नाही. म्हणून मी या ओळी मन लावून लिहिल्या होत्या. फक्त सगळ्या ओळींत ते नाव स्मॉल अक्षरांतच होतं.

आता खरी अडचण बघा. नियम लिहिणारी मीच, टेस्ट लिहिणारीही मीच. नियम लिहिताना जे सुचलं नाही ते टेस्ट लिहिताना कुठून सुचणार? आणखी शंभर ओळी लिहिल्या असत्या तरी त्या याच डोक्यातून आल्या असत्या. त्यावर म्हणाल, वाचनालयासारखा खरा कोड घेऊन त्यावर तपासून बघ. पण त्या हजारो ओळींचं बरोबर उत्तर काय, हे सांगणार कोण? एलेन वेयुकर यांनी १९८२ मध्ये अशाच प्रोग्रॅमबद्दल लिहिलं होतं, ज्यांचं उत्तर बरोबर आहे की नाही हे ठरवायला हाताशी काहीच नसतं.

यातून एक वाट टी. वाय. चेन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवली, तिला मेटामॉर्फिक टेस्टिंग म्हणतात. बरोबर उत्तर माहीत नसलं तरी चालेल. कोडचा अर्थ न बदलता त्याचं रूप बदलायचं आणि तपासनिसाचं उत्तर तेच राहतं का, एवढंच बघायचं. फंक्शनचं नाव कॅपिटलमध्ये लिहा. नाव आणि कंस यांच्यामध्ये कॉमेंट घुसवा किंवा नवी ओळ टाका. पीएचपी या सगळ्याला सारखंच समजतं. तपासनीस आधी ओरडला आणि नंतर गप्प बसला, तर यातलं एक उत्तर नक्की चूक आहे. हे बदल स्क्रिप्टने करता येतात, त्यामुळे आपल्याला काय सुचतं यावर अवलंबून राहावं लागत नाही. माझी नमुना फाइल अशी फिरवल्यावर पहिल्याच फेरीत तीन ठिकाणी नियम आंधळा निघाला.

पण बदल निवडताना जपून. व्हेरिएबलच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा पीएचपीला फरक पडतो, तिथे तोच बदल केला तर कोडच मोडतो. आणखी एक गंमत म्हणजे तपासनीस स्वतः कोणत्या पीएचपीवर चालतोय तेही बदलून बघावं लागतं. कोडचे तुकडे पाडायला कोडस्निफर पीएचपीचीच सोय वापरतो. हॅश आणि त्याला चिकटून चौकोनी कंस आला, की ७ मध्ये ती ओळ तिथून पुढे कॉमेंट होते, ८ मध्ये मात्र ते अ‍ॅट्रिब्यूट ठरतं. असे फरक कोडस्निफरला स्वतःच्या बाजूने सावरून घ्यावे लागतात.

शैलीच्या नियमांना हीच युक्ती वेगळ्या तऱ्हेने लागू होते. काही नियम चूक आपोआप दुरुस्तही करतात. दुरुस्त झालेली फाइल पुन्हा दिली तर काहीच बदलता कामा नये. कधी कधी दोन नियम भांडतात, एक स्पेस घालतो आणि दुसरा काढतो. कोडस्निफर अशा पन्नास फेऱ्या करून हात टेकतो. ओळीच्या लांबीचा नियम तर मराठीत तपासून बघाच. पीएसआर-१२ मध्ये ओळीची सौम्य मर्यादा १२० अक्षरांची आहे. 'नमस्कार' तुम्हाला चार अक्षरांचा दिसतो, युनिकोडच्या हिशेबाने त्यात सात चिन्हं आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तो एकवीस बाइट घेतो. बाइट मोजणारा तपासनीस चाळीस चिन्हांच्या मराठी संदेशातच १२० वर पोचतो. इंग्रजी संदेशाच्या जागी मराठी टाकून बघितल्याशिवाय हे दिसत नाही.

एवढं करूनही काही गोष्टी हाती लागत नाहीत. शून्य आणि एखादा शब्द यांची दोन बरोबरच्या चिन्हांनी तुलना केली तर पीएचपी ७ 'सारखे' म्हणतं, ८ म्हणतं 'वेगळे'. व्हेरिएबलमध्ये काय असेल हे कोड नुसता वाचून बहुतेक वेळा कळत नाही. फंक्शनचं नावच डेटाबेसमधून येत असेल तर विषयच संपला.

वाचनालयाचं पान मी त्याच संध्याकाळी फॉरईच वापरून दुरुस्त केलं. ती कॅपिटल अक्षराची ओळ माझ्या नमुना फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवली आहे. ग्रंथपाल काका आता आवृत्ती बदलायची म्हटलं की आधी वेबसाइटची प्रत दुसरीकडे चालवून बघतात, मी कितीही शून्य तक्रारी दाखवल्या तरी.