फैसला कोणाचा?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यवैद्य विल्यम हॉल्स्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तनाच्या कर्करोगावर जी शस्त्रक्रिया रूढ केली, तीत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी हे सारे एकदमच काढून टाकीत. आणि रोगाचे मूळ जितके खोल खणावे तितका रोगी निर्धास्त, ही कल्पना इतकी सयुक्तिक भासे की पाऊणशे वर्षे तिची रुजवात घालण्याची निकड फारशी कोणास वाटली नाही. अमेरिकेत १९७०च्या सुमारासही शिरस्ता असा होता की, रोगिणीला भूल देऊन गाठीचा तुकडा तपासावयाचा आणि कर्करोग ठरताच त्याच भुलीत स्तन उतरवावयाचा. म्हणजे बाईने सही द्यावयाची ती निदान होण्यापूर्वी, आणि निकाल समजावयाचा तो शुद्धीवर आल्यावर स्वतःची छाती चाचपून. पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या बाबतीत या शिरस्त्यास हरकत घेतली, तेव्हा अनेक शल्यवैद्यांनी त्यांना नकार दिला.

शिरस्ता मोडला तो मात्र केवळ हरकतीने नव्हे. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून रोगिणींची केवळ दैवयोगाने विभागणी करून काहींचा पूर्ण स्तन, काहींची फक्त गाठ काढली आणि काहींना गाठ काढून किरणोपचार दिले. १,८५१ स्त्रियांच्या वीस वर्षांचा जो ताळेबंद २००२ साली प्रसिद्ध झाला, त्यात तिन्ही गटांच्या आयुर्मर्यादेत म्हणण्यासारखी तफावत आढळली नाही. फक्त गाठ काढलेल्यांपैकी शेकडा ३९ जणींना त्याच स्तनात रोग पुन्हा उद्भवला, किरणोपचार घेतलेल्यांपैकी शेकडा १४ जणींना. मिलानच्या उंबेर्तो वेरोनेसी यांचा अनुभवही आयुर्मानाबाबत तोच होता.

पुराव्याचा अखत्यार येथवरच. सिरोंच्याच्या बाईला किरणोपचारासाठी नागपुरास आठवडेच्या आठवडे राहणे म्हणजे घरदार, गुरे आणि हंगाम यांवर पाणी सोडणे असेल, आणि म्हणून ती पूर्ण स्तन काढणेच पत्करील. दुसरीस शरीर अखंड राहण्याचे मोल अधिक असेल. तिसरीस रोगाचा अंश मागे राहिला असेल या धास्तीने झोप लागणार नाही. यांपैकी एकीलाही अडाणी ठरविण्याचा अधिकार वैद्यास नाही. पण गाठच काढा आणि किरणोपचार नकोत, असे कोणी म्हणाल्यास तो ३९ चा आकडा तिला स्पष्ट सांगावाच लागेल. ‘तुम्ही म्हणाल तसे’ म्हणून मोकळे होणे ही अंग काढून घेण्याचीच एक सभ्य रीत आहे.

आपल्याकडे अडचण निराळीच. अहवाल जातो यजमानांच्या हाती, मसलत होते व्हरांड्यात दिराशी, आणि जिच्या देहाचा प्रश्न ती खाटेवर पडून दाराकडे पाहत असते. ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा,’ असे पुष्कळ बायका म्हणतात, आणि ती मुखत्यारीही रास्तच आहे. मात्र ती दोन्ही वाटा ऐकून तिने स्वतः दिलेली असली पाहिजे, आणि त्यासाठी चार दिवस विचारात गेले तर सहसा काही बिघडत नाही.