बगॅसच्या विजेची तीस वर्षे

बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली, की साखर कारखान्याच्या मागच्या अंगाला बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, डोंगर वाढू लागतो. टनभर उसामागे पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस निघते. त्यात निम्मे पाणीच असते. पूर्वी ती २१ किलो दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून संपवत, कारण तेवढ्या वाफेवर कारखान्याची गरज भागत असे. दाब ६७, ८७, ११० किलोपर्यंत नेला, तर वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर तीच रस आटवते. कारखान्याला पुरून उरलेली वीज जवळच्या उपकेंद्रात जाते. सहवीजनिर्मिती म्हणतात ती हीच.

हे केंद्राला लवकर उमगले होते. अपारंपरिक ऊर्जा मंत्रालयाने १९९४-९५ हे पायाभूत वर्ष धरून युनिटला सव्वादोन रुपये आणि दरवर्षी पाच टक्के वाढ सुचवली. महाराष्ट्राची नजर मात्र तेव्हा दाभोळच्या वीज प्रकल्पावर खिळलेली होती. तिथला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि दोनच वर्षांत बंद पडला.

ऑगस्ट २००२ मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने बगॅसच्या विजेला ३ रुपये ५ पैसे दर दिला, वर दरसाल दोन टक्के वाढ. पुढच्याच वर्षीच्या वीज कायद्याने सहवीजनिर्मितीला चालना देणे हे आयोगाचे कामच ठरवले.

मग आले भारनियमन. त्या काळाने धोरणाला जेवढी धार दिली, तेवढी एरवी कधी आली नाही. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांनी आपली कॅप्टिव्ह जनित्रे मागणीच्या वेळी चालवायची, तेवढी वीज शहराला सोडायची आणि वाढीव खर्च ग्राहकांकडून वसूल करायचा, असा तोडगा निघाला. ग्रामीण भागात हीच गरज कारखाने भागवू शकत होते. राज्याच्या २००८ च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणाने सहवीज प्रकल्पांना दहा वर्षे ऊस खरेदी कर माफ केला. साखर विकास निधीचे कर्जही मिळत होते. सहकारी कारखान्यांनी मोठी कर्जे अंगावर घेतली आणि एकामागून एक प्रकल्प उभे राहिले.

२०१५ च्या धोरणातही सहवीजनिर्मितीसाठी १००० मेगावॉटचे लक्ष्य होते, पण तोवर टंचाई ओसरत आली होती. सहा रुपयांवर गेलेला दर स्पर्धात्मक निविदांनंतर पाचाच्या आत आला. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला येथे सौर विजेची बोली २ रुपये ४४ पैशांवर उतरली आणि सगळी तुलना त्याच आकड्याशी होऊ लागली. त्याच जुलैत वस्तू व सेवा कर आला, ऊस खरेदी कर त्यात विरला आणि त्याच्या माफीला अर्थ उरला नाही. २०२० च्या धोरणात १३५० मेगावॉटचा आकडा आहे, पण त्याला साजेशी ओढ जाणवत नाही. कारखान्यांचेही लक्ष इथेनॉलकडे वळले. डिस्टिलरीलाही वाफ लागतेच, म्हणजे विकायच्या विजेला तेवढी कमी.

पण सौर विजेच्या दराशी केलेली ती तुलना अपुरी आहे. कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो, आणि गळीत हंगाम म्हणजेच रब्बीच्या पाण्याचे महिने. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला शेतकरी विजेच्या पाळीनुसार रात्री बॅटरी घेऊन निघतो, जुन्नर परिसरात तर बिबट्याची धास्ती घेऊन. त्याच्याच उसाच्या चोथ्यावर होणाऱ्या या विजेची वेळ आणि जागा दरात धरायला हवी होती. जवळच्या विजेचे महत्त्व राज्याला ठाऊक नाही असेही नाही. शेतीच्या वाहिन्यांना जवळच्याच सौर प्रकल्पातून वीज देणारी, २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच विचारावर उभी आहे.

सहवीज प्रकल्पांच्या वाट्याला २०२४ मध्ये युनिटमागे दीड रुपया अनुदान आले, तेही एका वर्षापुरते.