गेलेलं पॅकेट परत का येत नाही?

'शाळेच्या लॅबसाठी जुन्या संगणकात दुसरं नेटवर्क कार्ड बसवलं आणि लिनक्स टाकून त्याचीच फायरवॉल केली. फायरवॉलवर इंटरनेट चालतं. लॅबमधून फायरवॉलच्या दोन्ही कार्डांना पिंग केलं की उत्तर येतं. तरी मुलांच्या संगणकावर एकही वेबसाइट उघडत नाही. दुकानदार म्हणतो, तयार फायरवॉल विकत घ्या.' एका शिक्षिकेने हे कळवलं आहे.

बाई, शाळेचे पैसे खर्च करू नका. तुमच्या पत्रातलं 'दोन्ही कार्डांना' हे फसवं आहे. लिनक्सच्या लेखी आयपी पत्ता कार्डाचा नसतो, अख्ख्या मशिनचा असतो. समजा आतल्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे आणि बाहेरच्या कार्डाचा १९२.१६८.०.२. लॅबमधून ०.२ ला पाठवलेलं पॅकेट आतल्या कार्डावर उतरतं, लिनक्स म्हणतं 'हा तर आपलाच पत्ता', आणि तिथूनच उत्तर देतं. बाहेरच्या केबलपर्यंत काहीच पोचलेलं नसतं. फायरवॉल ओलांडली जाते का, हे पाहायचं तर तिच्या पलीकडच्या राउटरला, म्हणजे १९२.१६८.०.१ ला, पिंग करायला हवं. तिथून उत्तर येणार नाही.

आता फायरवॉलवर टीसीपीडम्प हा येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम चालवा, बाहेरच्या कार्डावर नजर ठेवा आणि लॅबमधून पिंग सुरू करा. पडद्यावर काहीच उमटलं नाही, तर पॅकेट आतच अडलंय. बहुतेक वेळा कारण एका अंकाचं असतं. आयपी फॉरवर्डिंगची सेटिंग मुळात ० असते, ती १ करावी लागते. हा लिनक्सचा आडमुठेपणा नाही. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजातच नियम आहे की, साध्या संगणकात गेटवेचं काम करण्याची सोय असली तरी ती मुळात बंद असावी. दोन कार्डं दिसली म्हणून प्रत्येक संगणक इकडची पॅकेटं तिकडे ढकलू लागला असता, तर काय गोंधळ उडाला असता! अंक १ असूनही पॅकेट अडलं, तर फायरवॉलचे फॉरवर्डचे नियम तपासा.

पडद्यावर १९२.१६८.१.२० वरून निघालेली पॅकेटं बाहेर जाताना दिसली आणि उत्तर मात्र आलं नाही, तर मला जास्त आनंद होईल, कारण खरी गंमत इथेच आहे. पाठवणाऱ्याच्या जागी नुसतं 'माजघर' लिहून पत्र पेटीत टाकलं, तर ते पोचेल, पण उत्तर कुठे येणार? माजघर घरोघरी असतं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते तसेच आहेत. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने ते खासगी वापरासाठी राखून ठेवले आणि आज ते जगभर घराघरांत वापरले जातात. तुमच्या राउटरला ०.२ ठाऊक आहे, १.२० ठाऊक नाही. त्यामुळे १.२० साठीचं उत्तर तो बाहेर इंटरनेटच्या दिशेने सोडून देतो आणि ते वाटेतच टाकलं जातं.

उपाय दोन. 'लॅबचं नेटवर्क ०.२ च्या मागे आहे' असा मार्ग राउटरमध्ये लिहायचा. नाहीतर फायरवॉलवर मास्करेड सुरू करायचं, म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून ०.२ होतो. मला पहिला उपाय आवडतो, कारण त्यात कोणाचीच ओळख पुसली जात नाही. पण काही राउटर अशा लांबच्या नेटवर्कचं नॅट, म्हणजे बाहेर जाताना पत्ता बदलण्याचं काम, करत नाहीत. तिथे मास्करेडच हवं.

दोन नेटवर्कमध्ये एकेक पाय ठेवून उभं राहिलेलं हे मशिन म्हणजे इंटरनेटचा मूळ शोध. २७ ऑगस्ट १९७६ रोजी कॅलिफोर्नियात एसआरआय संस्थेची व्हॅन रोझोटीज नावाच्या बिअर गार्डनबाहेर उभी राहिली. अंगणातल्या टेबलावर टर्मिनल मांडून तिथून साप्ताहिक अहवाल रेडिओने पाठवला गेला आणि पुढे अर्पानेटवरून गेला. रेडिओचं नेटवर्क वेगळं, तारेचं वेगळं. मधे होता गेटवे. या इतिहासात व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांची नावं येतात आणि ती यायलाच हवीत. पण गेटवेचं सॉफ्टवेअर लिहिलं बीबीएन कंपनीतल्या व्हर्जिनिया स्ट्रॅझिसार यांनी. नोव्हेंबर १९७७ मध्ये तीन नेटवर्कं जोडण्याचा प्रयोग झाला, तोही गेटवेंच्याच भरवशावर. तेव्हाचा गेटवे म्हणजे आजचा राउटर. तो न लागणारा एकही संगणक आज शाळेत नसेल, तरी संगणकाच्या पुस्तकात स्ट्रॅझिसार हे नाव मला कधी दिसलं नाही. त्याचं वाईट वाटतं.

बाई, आणखी एक बघा. दोन्ही कार्डांच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट गेटवे भरलाय का? भरला असेल, तर आतल्या कार्डाचा काढून टाका. बाहेर जाण्याचा रस्ता एकच ठेवायचा, नाहीतर पॅकेटं कधी इकडे धावतील, कधी तिकडे. तसंच दोन्ही कार्डांचं सबनेट एकच नको.

फॉरवर्डिंगचा तो अंक नुसती आज्ञा देऊन १ केला, तर मशिन पुन्हा सुरू झाल्यावर परत ० होतो. तो सिस्टिम कंट्रोलच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, आणि फायरवॉलचे नियमही जतन करा. मग मुद्दाम एकदा मशिन बंद करून चालू करा आणि लॅबमधून पुन्हा ०.१ ला पिंग करा. तुमच्याकडे वीज जात असेल, तर मशिन असंच बंद-चालू होत राहील, म्हणून ही चाचणी शाळा सुटल्यावर उरकूनच घ्या.