तुरुंगात जागा किती, माणसं किती?

गोठा चार बैलांचा. त्यात सहा बैल बांधले तर काय होईल? एकाला बसता येणार नाही. दुसऱ्याचं तोंड गव्हाणीपर्यंत पोचणार नाही. हे काही कोणी शिकवावं लागत नाही.

ही झाली जनावरांची गोष्ट. आता माणसांची ऐका.

प्रत्येक तुरुंगात किती माणसं ठेवायची, हे ठरलेलं असतं. पण तुरुंगाची भिंत उंच. आत किती माणसं कोंबली आहेत, ते बाहेरच्यांना कसं कळावं?

त्यासाठी सरकारचं एक खातं आहे. त्याचं नाव राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग. हे खातं देशभरच्या तुरुंगांची माहिती गोळा करतं आणि अहवाल काढतं. तो कोणालाही वाचता येतो.

२०२२ सालचा अहवाल पाहा. देशात तुरुंग १,३३०. त्यांत जागा ४,३६,२६६ माणसांची. आत माणसं किती? ५,७३,२२०! म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. निजायला, आंघोळीला, संडासाला, सगळीकडेच दाटी.

मग हे सारे गुन्हेगार होते काय? नाही. दर चारांत तीन कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्यानं गुन्हा केला की नाही, हे कोर्टानं ठरवलेलंच नाही. जामिनाला पैसा नाही, म्हणून कित्येक गरीब आतच राहतात.

माहिती छापून काय होतं, असं कोणी म्हणेल. तर ऐका. २०१३ साली 'दैनिक भास्कर' या वर्तमानपत्रात १,३८२ तुरुंगांची हकिकत आली. ती पाहून निवृत्त सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्रावरूनच खटला उभा राहिला. २०१६ साली कोर्टानं हुकूम दिला. जिल्ह्याजिल्ह्यातल्या समितीनं दर तीन महिन्यांनी बसावं आणि कच्च्या कैद्यांची प्रकरणं तपासावीत.

आपणही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तुरुंगातल्या माणसाला फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. १९८७ सालच्या कायद्यानं तो दिला आहे. आपल्या गावचं कोणी आत अडकलं असेल, तर तालुक्याच्या कोर्टात जा. तिथे विधी सेवा समिती कुठे बसते, ते विचारा. अर्ज लिहून द्या. आता तुम्हाला लिहिता येतं.